आधी वैरण, मग इसबगोल

प्रश्न : डॉक्टर, आम्ही गोव्यातल्या मांद्र्याचे. घरी तीन जनावरं आहेत. दोन तट्टू आणि गौरी नावाची काठेवाडी रक्ताची घोडी. ऑक्टोबर ते मे किनाऱ्यावर फेऱ्या असतात, मधूनमधून वराती आणि शिवजयंतीची मिरवणूक. पावसात काम बंद. तेव्हा घरामागच्या माडांच्या बागेत बांधतो, जमीन सगळी रेताड. पावसात कमाई नसते म्हणून वैरण थोडी आखडती घेतो, पण चण्याची चंदी कधी चुकवत नाही. गेल्या जुलैत गौरी पोटदुखीने लोळायला लागली. डॉक्टरांनी नाकातून नळी घालून औषध दिलं, वाचली. पोटात वाळू साठली आहे म्हणाले. तेव्हापासून जो तो उपाय सांगतो. नणंद इसबगोल म्हणते, शेजारी तेल-गूळ, कुणी कोंडा. दीर म्हणतो, किनाऱ्यावरचं जनावर वाळू खाणारच, त्याचं एवढं काय. आता परत पाऊस तोंडावर आलाय. काय खायला घालू म्हणजे वाळू पोटात राहणार नाही? इसबगोल रोज दिलं तर चालेल का?

उत्तर : ताई, वैरण आखडती घेतो पण चंदी चुकवत नाही, हे तुम्ही जाता जाता लिहून गेलात. माझ्या मते गौरीच्या पोटातली वाळू तिथूनच आली. तुम्ही नेमकं उलटं करताय. काम थांबलं की चंदी कमी करायची असते, वैरण नाही.

घोड्याचं पोट गाई-म्हशीसारखं नाही. दोन वेळा पोटभर घातलं आणि मग निवांत रवंथ, असं त्याचं चालत नाही. मोकळा सोडला तर तो दिवसाचा निम्म्याहून जास्त वेळ चरतो. थोडं थोडं, पण सतत. तोंडापुढे गवत नसलं की तोंड थांबत नाही, ते जमिनीकडे जातं. सांडलेला चण्याचा दाणा, पेंढ्याची काडी, हरळीचं खुरटं मूळ, जे सापडेल ते वेचतो आणि प्रत्येक घासाबरोबर चिमूटभर वाळू आत जाते. काही जनावरं नुसती वाळूच चाटतात. फ्लोरिडातही अशीच रेताड जमीन आहे आणि तिथे यावर काम झालंय. प्रथिनं आणि एकूण खाणं कमी पडलेले घोडे वाळू जास्त खातात, असं तिथे दिसलं. तेव्हा दिरांना सांगा, किनाऱ्यावरचा घोडा वाळू खातो तो किनाऱ्यामुळे कमी आणि भुकेमुळे जास्त.

आत गेलेली वाळू जाते कुठे, तेही पाहा. घोड्याचं मोठं आतडं तीन-चार मीटर लांब असतं आणि पोटात दुमडून बसलेलं असतं. त्याचा खालचा भाग पोटाच्या तळाशी टेकतो. जड वाळू तिथे बसते आणि साठत राहते. जिथे आतडं वळण घेऊन वर जातं तिथे ते एकदम अरुंद होतं. तिथे गच्च बसली की लीद अडते, वायू अडतो, कधी आतडं जागचं सरकतं. शिवाय वाळू आतडं घासत असते, त्यामुळे बरेच दिवस पातळ लीद आणि हळूहळू उतरणारं अंग, एवढंच लक्षण दिसतं. आपण जंत समजून जंताचं औषध देत बसतो. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे आत गेलेलं बाहेर पडायला मागचीच वाट.

आता वैरण किती. आधी गौरीचं वजन काढा. शिंप्याची टेप घ्या. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर मोजा, मग खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेराला घेराने गुणा, त्याला लांबीने गुणा, आलेल्याला ११,८८० ने भागा. घेर १५० आणि लांबी १४० असेल तर साधारण २६५ किलो. काट्याइतकं अचूक नसतं, पण आपल्या कामाला पुरतं. काठेवाडी रक्ताची घोडी म्हणजे ती ३०० किलोच्या आसपास असेल असं धरून पुढे जातो.

घोड्याला रोज वजनाच्या दीड ते दोन टक्के सुकी वैरण लागते. ३०० किलोला साडेचार ते सहा किलो. वाळूचा त्रास होऊन गेलेल्या जनावराला मी दोन टक्क्यांच्या खाली येऊ देणार नाही. वाळू पुढे ढकलण्याचं सगळ्यांत भरवशाचं साधनही हीच वैरण आहे. आतड्यात लांब धाग्याचा चोथा सतत सरकत राहिला की तो वाळू थोडी थोडी बरोबर नेतो.

इथे पावसाळ्यात हमखास फसगत होते. डोक्यावरून हिरव्या गवताचा भलामोठा भारा आणला की वाटतं, आता काय कमी. पण कोवळ्या ओल्या गवतात तीन-चतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं. सहा किलो सुक्या गवताची बरोबरी करायला पंचवीस-तीस किलो ओलं गवत लागेल. तुमचा भारा एकदा ताणकाट्याला लावून बघा आणि तिघांत वाटून बघा. शिवाय नुसत्या ओल्या गवतावर लीद पातळ होते आणि वाळूचं दुखणं त्यात झाकून जातं. हिरवं घाला, पण त्याच्याबरोबर रोज दोन-तीन किलो तरी सुकं पोटात जाऊ द्या.

सुकं म्हणजे काय, हाही आपल्याकडे प्रश्नच. भाताचा पेंढा हाताशी असतो, पण त्यात प्रथिनं फार थोडी आणि सिलिका भरपूर. वेळ घालवायला, तोंड चालू ठेवायला ठीक, म्हणजे एकूण वैरणीचा तिसरा हिस्सा वगैरे. नुसत्या पेंढ्यावर घोडा ठेवला आणि पाणी कमी पडलं, तर वाळू नसतानाही पोट अडेल. सड्यावरचं गवत पाऊस संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापून वाळवलेलं मिळालं तर ते पेंढ्यापेक्षा पुष्कळ चांगलं. त्यावर घाटावरून येणारा ओटचा चारा किंवा सुकं लसूणघास दिवसाला एखादा किलो मिळालं, तर प्रथिनांची उणीव भरून निघते. हे मेअखेरीआधी भरून ठेवावं लागतं, कारण जुलैत भाव चढतो आणि माल भिजका येतो. फळ्यांच्या माच्यावर ठेवा, भिंतीपासून वीतभर दूर. बुरशी आलेलं गवत मात्र घोड्याला घालू नका. पैसे गेले तरी चालतील, टाकून द्या.

पैशांचं म्हणाल तर चण्यातून वाचवा. बसून असलेल्या जनावराला चंदीची गरज जवळजवळ नसते. त्याला चांगली वैरण, मीठ आणि पाणी पुरतं. कामाच्या दिवसांत चंदी द्या, पावसात मूठभर ठेवा, तीही सवय मोडू नये म्हणून. एकदम बंद करू नका आणि ऑक्टोबरात एकदम सुरूही करू नका. आठ-दहा दिवस घेऊन हळूहळू कमी-जास्त करा. खाण्यातला अचानक बदल हेच पोटशुळाचं एक मोठं कारण आहे.

तसं पाहिलं तर गोव्याने घोडे कमी पाहिलेत असं नाही. १५१० मध्ये पोर्तुगीज आले आणि त्यांनी अरबी घोड्यांचा व्यापार गोव्याच्या बंदरात आणून आवळून धरला. विजयनगरचे घोडे इथून घाट चढून जात. पण ते इथे उतरत आणि पुढे जात. इथे राहणारा आपला घोडा म्हणजे शिगम्यातल्या घोडेमोडणीच्या नाचातला लाकडी, आणि त्याला वैरण लागत नाही. त्यामुळे घोडा पोसायची पिढीजात रीत आपल्या गावांत फारशी नाही. बहुतेक जण गाई-म्हशींच्या अंदाजानेच घालतात. तुमची एकटीची ही चूक नाही.

दुसरी गोष्ट, वैरण कुठे घालायची. वाळूवर कधीही नाही. 'खाली पोतं पसरलंय' असं म्हणू नका, घोडा पोतं दोन मिनिटांत पायाने गोळा करतो. बागेत एका कोपऱ्यात चिऱ्यांचा ओटा घाला, त्यावर सिमेंटचा गिलावा, जमलं तर रबरी चटई. ओटा गव्हाणीपुरता करू नका. घोडा तोंडात घास घेऊन मान वळवतो, चावता चावता सांडतो आणि मग सांडलेलं वेचतो. गव्हाणीभोवती चहूबाजूंनी दोन मीटर तरी पक्की जागा पाहिजे. खराट्याने रोज झाडा, आणि वैरण टाकण्याआधी झाडा. बरेच लोक खाऊन झाल्यावर झाडतात, तोवर वाळू पोटात गेलेली असते.

गव्हाण बुटकी ठेवा. घोड्याची खायची नैसर्गिक ठेवण मान खाली घालूनच आहे, वर टांगलेल्या गवताची धूळ डोळ्यांत आणि नाकात जाते. प्लास्टिकचं मोठं पिंप आडवं कापून, कडा घासून बोथट करून चालेल. मांद्र्यात जुनी मासेमारीची जाळी फुकट मिळते, तिच्यात गवत भरून टांगायचा मोह होईल. नाळ ठोकलेल्या घोड्याचा खूर तिच्यात अडकला तर पाय मोडून घेईल. टांगायचीच असेल तर बारीक भोकाची, घोड्याच्या छातीच्या उंचीवर आणि पक्की बांधलेली.

चंदीसाठी आपल्या जुन्या लोकांचा तोबरा मला अजून पटतो. एक दाणा खाली पडत नाही. फक्त खाणं संपताच उतरवायचा, कारण तोबऱ्यात पाणी पिता येत नाही आणि तसाच पाण्यात तोंड घातलं तर जीव गुदमरेल.

बागेत मोकळं सोडायचं असेल तर पोट भरल्यावर सोडा. सकाळी उठल्या उठल्या उपाशी सोडलेला घोडा सर्वांत जास्त वाळू खातो. पहिल्या पावसानंतर हरळीला कोवळे कोंब येतात तेव्हा तर ती मुळासकट उपटून येते, आणि मुळाला वाळू. गवत चार बोटांच्या खाली गेलं की त्या जागेवरून हलवा. किनाऱ्यावरच्या टेकाडांवर, मर्यादवेल आणि सुरूच्या झाडांमध्ये चरायला बांधणं तर बंदच करा. तिथे घोड्याजोगं काही नाही. वाळूची टेकाडं धरून ठेवणारी झाडंही तुटतात, तो वेगळा गुन्हा.

फेऱ्यांच्या दिवसांत घोडे तासन्‌तास वाळूत उभे असतात, त्याचाही विचार करा. पर्यटक प्रेमाने गाजर नाहीतर मक्याचं कणीस पुढे टाकतात आणि ते वाळूत पडतं. हातातून द्यायलाही मना करा. सवय लागली की घोडा प्रत्येक माणसाच्या पायाशी हुंगत फिरतो. दोन फेऱ्यांच्या मध्ये सावलीत गवताचं घमेलं ठेवा. एखाद्या जनावराला वाळू चाटायची खोडच लागली असेल, तर बैलाला बांधतात तसं मुसकं तेवढ्या वेळापुरतं बांधा. दर तासाला काढून पाणी पाजा.

पाण्यावरून आठवलं. किनाऱ्यालगतच्या विहिरी मे महिन्यात मचूळ होतात. माणूस नळाचं पितो, जनावराला विहिरीचं. मचूळ पाणी घोडा कमी पितो, आणि पाणी कमी पडलं की आतली लीद घट्ट होऊन वाळू तिथेच बसते. ३०० किलोच्या जनावराला उन्हाळ्यात दिवसाला तीस लिटर किंवा त्याहून जास्त लागतं. बादलीत किती घातलं, किती उरलं, हे चार दिवस लिहून बघा. बादली ओट्यावर ठेवा आणि तळाची रेव रोज ओतून टाका.

मीठही लागतंच. मिठाची उणीव असलेला घोडा माती चाटतो. बसून असताना दिवसाला १५ ग्रॅम, घाम गाळत असताना त्याच्या दुप्पट, चंदीत मिसळून. आगरवाड्याचं जाडं मीठ चांगलंच आहे, पण मिठागराच्या मिठात रेव असते. पाण्यात विरघळवून, गाळून, ते पाणी वैरणीवर शिंपडा. वाळू टाळायला निघालो आणि मिठातून घातली, असं नको.

आता नणंदेचं इसबगोल. ते खोटं नाही, पण त्याच्याकडून अपेक्षा फार आहेत. पाण्यात त्याचा बुळबुळीत लगदा होतो आणि तो वाळू धरून बाहेर नेतो, अशी कल्पना. घरी चंदीत मिसळून दिल्याचा उपयोग किती, याबद्दल अभ्यासांचं एकमत नाही. कुठे फरक पडलेला दिसतो, कुठे नाही. फिनलंडमधल्या एका अभ्यासात मात्र इसबगोल आणि मॅग्नेशियम सल्फेट, दोन्ही वजनाच्या दर किलोला १ ग्रॅम, नाकातल्या नळीतून रोज एकदा असे चार दिवस दिल्यावर, दोहोंपैकी एकच देण्यापेक्षा वाळू जास्त निघाली. हे काम डॉक्टरांचं आहे, नळी चुकून फुप्फुसात गेली तर घोडा जातो.

घरी द्यायचंच असेल तर रोज देऊ नका. आतड्यातले जंतू त्याला सरावतात आणि तेच खाऊन टाकतात, लगदा उरतच नाही. महिन्यातून सलग सात दिवस, मग बंद. मात्रा दर किलो वजनाला १ ग्रॅमपर्यंत सांगतात, म्हणजे गौरीला दिवसाला ३०० ग्रॅम, आठवड्याला दोन किलोंहून थोडं जास्त. तुमच्या डॉक्टरांना विचारून ठरवा. साधी भुशी घ्या, साखर किंवा वासाची पाकिटं नकोत. चंदीला तेलाचा हलका हात लावा, इसबगोल मिसळा, किंचित ओलं करा आणि लगेच पुढे ठेवा. दहा मिनिटं थांबलात तर त्याचा चिकट गोळा होतो आणि गौरी तोंड फिरवेल. कोरडी भुशी तशीच देऊ नका, घशात अडकते. आणि तिघांचा महिन्याचा खर्च काढा. तेवढ्यात किती सुकं गवत येतं ते पाहा. दोहोंपैकी एकच परवडत असेल तर गवत घ्या.

तेल-गुळाने वाळू निघत नाही, तेल वाळूच्या बाजूने वाहून जातं. मला भीती आहे ती पाजायच्या पद्धतीची. घोड्याचं डोकं वर धरून बांबूच्या नळीने किंवा बाटलीने तेल ओतायचं आपल्याकडे सर्रास चालतं. ते श्वासनळीत उतरतं आणि पोटदुखीने न मेलेला घोडा न्यूमोनियाने मरतो. हे कुणी सांगितलं तरी करू नका. गव्हाच्या कोंड्यानेही वाळू हलत नाही. त्यात फॉस्फरस जास्त असतो, रोज भरपूर दिला तर हाडांतलं कॅल्शियम कमी होतं.

उपाय लागू पडतोय का, हे घरच्या घरी बघता येतं. लिदीच्या ढिगातले वरवरचे, जमिनीला न लागलेले सहा गोळे घ्या. पारदर्शक पिशवीत किंवा काचेच्या बरणीत एक लिटर पाणी घालून कुस्करा आणि वीस मिनिटं स्वस्थ ठेवा. तळाशी चहाचा चमचाभर किंवा जास्त वाळू बसली तर डॉक्टरांना कळवा. तिघांचीही करा, महिन्यातून दोन-तीनदा, आणि वहीत लिहा. वाळू दिसली नाही म्हणजे पोटात नाही असं मात्र नव्हे, साठलेली वाळू कधी कधी हलतच नाही. डॉक्टर आले की त्यांना छातीच्या हाडामागे, पोटाच्या तळाला स्टेथोस्कोप लावून चार-पाच मिनिटं ऐकायला सांगा. वाळू सरकत असेल तर किनाऱ्यावर लाट फुटल्यासारखा आवाज येतो. तुमच्याकडे तो दारं लावून ऐकावा लागेल. खात्री करायची तर पोटाचा एक्स-रे, गौरीच्या आकाराच्या जनावराचा तो मोठ्या घोड्यापेक्षा सोपा निघतो. गेल्या वर्षी पोटदुखी झालेली असल्याने तिचा एकदा काढून घ्यावाच, जून लागण्याआधी. त्याच फेरीत तिघांचे दात तपासून घ्या. दाताला टोकं आलेला घोडा अर्धा घास गाळतो आणि तोच जमिनीवरून परत उचलतो.

पुन्हा पोट दुखलंच, म्हणजे पुढच्या पायाने उकरणं, वळून पोटाकडे पाहणं, वरचा ओठ उचलणं, घाम, लीद बंद, तर आधी पुढची वैरण काढा आणि डॉक्टरांना फोन करा. तोवर जबड्याखालची नाडी मोजा. शांत उभ्या घोड्याची मिनिटाला २८ ते ४४ असते, ६० च्या वर गेली तर फोनवरच तसं सांगा. हळू चालवा, पण दमवू नका. घरातली दुखण्याची गोळी किंवा उरलेलं इंजेक्शन देऊ नका. दुखणं दबतं आणि डॉक्टरांना आतली अवस्था कळत नाही. पोट उघडायची वेळ आली तर बहुधा पुण्या-मुंबईकडे न्यावं लागेल, मांद्र्यापासून पुणं सुमारे ४०० किलोमीटर आहे आणि जुलैत घाट. घोडा चढवता येईल असा, उतरंडीच्या फळ्या असलेला टेम्पो कुणाकडे आहे ते आत्ताच विचारून ठेवा आणि त्याचा नंबर डॉक्टरांच्या नंबराखाली तबेल्याच्या भिंतीवर रंगाने लिहा.